मालवणात गाडी दीड महिना ठेवून जायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून स्वतःच्या गाडीने मालवणला येणार, तारकर्लीला चार दिवस राहणार, 20 मेच्या सुमारास कुडाळहून रेल्वेने मुलीकडे कोचीला जाणार आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात परत येऊन गाडी घेऊन घरी. मधले सहा आठवडे गाडी सुरक्षित कुठे ठेवायची? चोरीची भीती वाटते, असंही तुम्ही लिहिलंय.

मी बावीस वर्षं मालवण तालुक्यात गॅरेज चालवतो. आमच्याकडची बरीच मुलं जहाजावर आहेत. ती चार-सहा महिन्यांसाठी जाताना गाडी माझ्या शेडमध्ये ठेवून जातात. शेड भरली की पुढच्यांना मी दुसऱ्या ठिकाणी पाठवतो. म्हणजे या धंद्यात माझाही हात आहे, तेव्हा माझं बोलणं त्या हिशेबाने ऐका.

चोरीचं नंतर बघू. माझ्या पाहण्यात इतक्या वर्षांत ठेवलेली गाडी चोरीला गेली असं एकदाही झालेलं नाही. पण ठेवलेली गाडी खराब झाली असं दर पावसाळ्यात होतं. बॅटरी मेली, उंदरांनी वायरिंग खाल्लं, बोनेटवर झावळ पडली, आत बुरशी आली, हँडब्रेक चिकटला. ही सगळी कामं जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतात. आणि तुम्ही निवडलेले दिवस नेमके वाकडे आहेत. गाडी ठेवाल तेव्हा कडक ऊन असेल, जमीन दगडासारखी टणक असेल, जो तो म्हणेल, "लावा हो हयच, काय होवचा नाय!" न्यायला याल तेव्हा त्याच जागी चिखल असेल. पाऊस 7 जूनच्या आसपास येतो असं आपण धरून चालतो, पण 2025 साली तो 24 मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडपर्यंत पोचला होता. तेव्हा जागा मे महिन्यात बघायची असली तरी बघताना डोळ्यासमोर जुलै आणायचा.

सगळ्यांना आधी सुचते ती जागा म्हणजे ज्या होमस्टेमध्ये उतरलो तोच. तारकर्ली-देवबागला मालक मंडळी माणुसकीची आहेत, नाही म्हणणार नाहीत. पण तिथे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की मेअखेरीस वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते ऑगस्टअखेरपर्यंत. 1 जूनपासून यांत्रिक मासेमारीवर दोन महिने बंदी असते. पर्यटक आटतात आणि बरेच होमस्टे कुलूपबंद होतात. मालक कणकवलीला भावाकडे किंवा मुंबईला मुलाकडे जातो. तुम्ही चार दिवस राहिलात तेव्हा गजबजलेलं आवार जूनमध्ये ओसाड असतं. म्हणून मालकाला "ठेवू का?" असं विचारू नका. "जून महिन्यात इथे रात्री झोपायला कोण असतं?" असं विचारा. उत्तर द्यायला तो थांबला की समजा.

दुसरी अडचण समुद्राची. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाळी वाऱ्यात लाटांचे तुषार बारीक होऊन आत येतात. किनाऱ्यालगत उभी केलेली गाडी आठ दिवसांनी बोटाने पुसा आणि बोट जिभेला लावा, मीठ लागेल. हे मीठ रंगावर दिसतं तेवढं निरुपद्रवी. ते जातं दरवाज्यांच्या खालच्या कडांत, सायलेन्सरवर, ब्रेकच्या डिस्कवर, बॅटरीच्या टर्मिनलवर, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे तो भाग सुकतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं हेही घरच्या म्हातारीला विचारून घ्यावं. त्यांच्याकडे साल आणि पायरी दोन्ही असतात.

म्हणून माझा सल्ला असा: राहा समुद्रावर, गाडी ठेवा सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावर. मालवण शहरातून कुडाळच्या रस्त्याला लागलं की चढ चढून कुंभारमाठ येतं, पुढे चौके. तिथे जांभ्याची उंच जमीन आहे, पाणी साचत नाही आणि खारा वारा बराच मोडलेला असतो. त्याहून बरं म्हणजे सरळ कुडाळ. तुमची रेल्वे तिथूनच आहे. मालवणहून कुडाळ तीसेक किलोमीटर. गाडी मालवणात ठेवली तर जाताना रिक्षा किंवा एसटी आणि येताना पुन्हा तीच, तीही पावसात, सामानासकट. शिवाय कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होतं आणि गाड्यांच्या वेळा बदलतात. जाताना दुपारी सुटलेली गाडी परतीला आडवेळी आणून सोडू शकते. स्टेशनपासून दहा मिनिटांवर स्वतःची गाडी असणं तेव्हा फार सुखाचं वाटतं.

कुडाळात मात्र भंगसाळ नदीच्या काठची सखल जागा नको. नदी फुगली की तिथे पाणी येतं. जागा बघताना कुंपणाच्या भिंतीवर मागच्या पुराची मातकट रेघ शोधा. नवीन रंग दिलेला असेल तर शेजाऱ्याची भिंत बघा.

रेल्वे स्टेशनबाहेरचं पार्किंग दोन-चार दिवसांसाठी ठीक. सहा आठवड्यांसाठी मी ते कुणालाच सांगत नाही. तिथे पावती फाडणारा माणूस गाडीकडे बघत नसतो, तो फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतो. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर लोक गाडी ठेवतात, पण तिथे हिशेब तासा-दिवसाचा असतो. सहा आठवड्यांचा आकडा आधी काढून बघा, बहुतेक तिथेच विचार सोडून द्याल. सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंगला दिली आणि 'सावकाश नेतो' म्हटलं, ही पुणेकरी युक्तीही चालत नाही. काम झाल्यावर गाडी उचलली नाही तर बहुतेक जण दिवसाचं भाडं लावतात आणि गाडी उन्हापावसात मागच्या अंगणात लोटतात.

राहता राहिला रस्ता. मालवणात जेटीजवळ, बाजारपेठेच्या कडेला, एखाद्या देवळाच्या मोकळ्या जागेत लावून जावं असा मोह होतो. करू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस उभी राहिलेली गाडी उचलून नेण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. एवढं सहसा कुणी करत नाही, पण मालवणचे रस्ते किती रुंद आहेत ते तुम्ही बघितले असतील. देवळाच्या जागेत तर पालखी, लग्न, बारसं काहीही निघतं आणि तुमच्या गाडीला चार-सहा जण मिळून उचलून बाजूला करतात. प्रेमानेच करतात, पण बंपर धरून करतात.

तर मग नेमकं काय शोधायचं? मी जागा शोधा म्हणत नाही, माणूस शोधा म्हणतो. रोज सकाळी ज्याची नजर गाडीवरून फिरेल असा एक माणूस. घरात राहणारं कुटुंब, पुढे गेट, बाजूला चिऱ्याची भिंत किंवा निदान धड गडगा (दगड रचून केलेलं कुंपण), आणि डोक्यावर पत्रा किंवा कौलं असलेली शेड. कुडाळ-मालवण पट्ट्यात ज्यांची स्वतःची गाडी मुंबईला मुलाकडे असते अशा घरांत शेड रिकामी असते. गॅरेजवाले, ट्रॅव्हल्सवाले, मंगल कार्यालयवाले यांच्याकडेही विचारा. कार्यालयांना आषाढापासून काम नसतं आणि राखणदार मात्र बारा महिने असतो. ही जागा लोकांना सुचतच नाही. मी शेडखाली ठेवायचे महिन्याला 1500 रुपये घेतो, उघड्यावर ठेवायला घेत नाही. पैसे द्या, फुकट ठेवू नका. फुकट ठेवलेल्या गाडीबद्दल तक्रार करता येत नाही आणि ठेवून घेणाऱ्यालाही ती अडचणच वाटत राहते.

शेड नसेल आणि झाडाखाली ठेवा म्हणाले तर वर बघा. माडाखाली कधीच नाही. लोकांना नारळाची भीती वाटते, पण माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत नारळापेक्षा झावळीचे बळी जास्त. पावसात भिजलेली सुकी झावळ चांगली दहा-बारा फूट लांब आणि देठाकडे लाकडासारखी जड. ती देठाकडून आली तर काच राहत नाही. बुंध्यापासून निदान वीस फूट लांब राहा, आणि माड झुकलेला असेल तर तो ज्या अंगाला झुकलाय त्या अंगाला तर मुळीच नको. फणसाखाली जूनमध्ये गाडी ठेवण्याबद्दल मी काही लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. आंब्याचा चीक रंगावर डाग पाडतो आणि तो पॉलिशनेही धड जात नाही. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत ज्या गाड्या वाचल्या त्या शेडमुळे नाही, उघड्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मधोमध उभ्या होत्या म्हणून. शेडचे पत्रे तर उडून गेले होते. म्हणून शेड बघताना पत्रे नुसते ठेवलेत की आकड्यांनी घट्ट बसवलेत तेही बघा, आणि शेडवर कुठला माड झुकलाय का तेही.

चतुर्थीची एक गोष्ट सांगतो, तुम्हाला लागू नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला होईल. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि प्रत्येक खळं भरतं. तुमची गाडी आधीपासून तिथे असेल तर ती हलवावी लागणारच. आंगणेवाडीच्या जत्रेचंही तसंच, आणि तिची तारीख कॅलेंडरवर आधीपासून छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. या दिवसांच्या आधी गाडी न्या किंवा गाडी हलवायचं कसं ते आधी ठरवा.

यावरून किल्लीकडे येतो. किल्ली द्यायची की नाही, यावर लोक वाद घालतात. माझं मत: एक द्या, एक जवळ ठेवा. आग लागली, पाणी आलं, झाड कलंडलं तर गाडी हलवता आली पाहिजे. पण देताना साधं व्हॉट्सअॅपवर लिहून द्या: गाडी ठेवली ती तारीख, मीटरवरचे किलोमीटर, टाकीत किती तेल, "फक्त गरज पडली तर हलवण्यासाठी किल्ली दिली आहे, रस्त्यावर नेऊ नये". चारही बाजूंचे, छताचे आणि मीटरचे फोटो त्याच मेसेजला जोडा. समोरच्याने "हो" म्हटलं की झालं. माझ्या एका गिऱ्हाईकाची गाडी परत मिळाली तेव्हा मीटरवर 240 किलोमीटर जास्त होते. घरमालकाचा भाचा लग्नाला घेऊन गेला होता. सुदैवाने काही घडलं नाही. पण लायसन नसलेल्या पोराच्या हातून अपघात झाला तर निस्तरायला मालक म्हणून तुम्हीच उभे राहता. "माका खबरच नाय" म्हणून सुटका होत नाही.

दुसरी किल्ली जपून ठेवायला आणखी एक कारण आहे. उद्या गाडी खरंच गेली तर विमा कंपनी एफआयआरबरोबर दोन्ही किल्ल्या मागते. एक हरवलेली असेल तर दावा रखडतो. आणि पॉलिसीची तारीख आत्ताच बघा. तुम्ही कोचीत असताना जूनमध्ये संपत असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करा. पीयूसीचंही तेच, नाहीतर जुलैत परतीच्या वाटेवर पावती फाटेल. पॉलिसीत इंजिनाच्या संरक्षणाचा जोड घेतलाय का तेही बघा. साध्या पूर्ण विम्यात पूर धरलेला असतो, पण पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारला आणि ते वाकलं तर ते नुकसान बहुतेकदा धरत नाहीत. गाडी ठेवून घेणाऱ्यालाही हे सांगा: पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर गाडी चालू करून हलवायची नाही, ढकलायची. आरसी वगैरे मूळ कागद गाडीत ठेवू नका, फोनमधल्या डिजिलॉकरवर चालतात.

आता गाडीची तयारी. यात मी थोडा लांबतो, कारण सगळं नुकसान इथेच वाचतं.

तारकर्लीहून निघालात की गाडी आधी गोड्या पाण्याने धुवा, खालून. वरून चकाचक आणि खाली मीठ-वाळू तशीच, अशा गाड्या मी रोज बघतो. वाळूत गाडी घातलीच असेल, आणि पुणेकर घालतातच, तर चाकांच्या आतल्या कमानीत पाईप धरून धुवा. मग ती वीस-तीस किलोमीटर चालवून सुकू द्या. ओली गाडी उभी करायची नाही.

आतून खाण्याचा एकेक कण काढा. मुलांच्या बिस्किटांचा चुरा, शेंगदाण्याची टरफलं, डिकीतला खाऊ, मुलीसाठी घेतलेली आणि चुकून मागे राहिलेली काजूची पिशवी. उंदीर खाण्याच्या वासाने येतो आणि ऊब मिळाली की बोनेटमध्ये राहतो. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं, बाजारातले फवारे, सगळं करून झालंय. वास आठ-दहा दिवस टिकतो, उंदीर सहा आठवडे. मला उपयोगी पडलेला उपाय एकच: शेड बंदिस्त असेल तर बोनेट उघडं ठेवायचं. उंदराला अंधार आणि आडोसा लागतो, उघड्या इंजिनात तो घर करत नाही. घरात मांजर असेल तर त्या घराला जास्त पसंती द्या, हे मी गमतीने म्हणत नाही.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर थोडा करंट खातातच. 30 मिलिअँपिअर धरा. दिवसाला पाऊण अँपिअर-अवरच्या आत-बाहेर, सहा आठवड्यांत तीस. लहान गाडीची बॅटरी असते 35 ते 45 ची. म्हणजे तुम्ही याल तेव्हा ती बसलेली, आणि पूर्ण बसलेली लेड-अॅसिड बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून दहाचा पाना घ्या आणि निगेटिव्ह वायर काढा. पण त्याआधी दोन गोष्टी. डिकी बटणावर उघडणारी असेल तर वायर काढल्यावर ती उघडणार नाही, तेव्हा सामान आधी काढा. आणि रिमोटही चालणार नाही, तेव्हा किल्लीच्या पात्याने दरवाजा उघडतो की नाही ते आधी करून बघा. बऱ्याच जणांनी ते पातं गाडी घेतल्यापासून कुलपात घातलेलंच नसतं. आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवतो, असं कुणी प्रेमाने म्हणालं तर नको म्हणा. पाच मिनिटं जागेवर चालवून स्टार्टरने खाल्लेलं परत भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर, आणि ते आपण वर नाकारलंय.

हँडब्रेक ओढू नका. दमट हवेत लायनर ड्रमला चिकटतो आणि मग चाक सुटत नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर, आणि दोन चाकांना पुढून-मागून चिरे लावा. जागा सपाट पाहिजे, हे ओघाने आलं. टायरात नेहमीपेक्षा पाचेक पाउंड हवा जास्त भरा. टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा राहते, आणि आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी फार लवकर लागतं.

कव्हर? शेडमध्ये असेल तर सुती चादरीसारखं पातळ कव्हर चालेल. उघड्यावर प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात घालण्यापेक्षा न घातलेलं बरं. आत वाफ कोंडते, वाऱ्याने ते फडफडतं आणि खालची वाळू रंगावर कानशीसारखी फिरते. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जून-जुलैतला. काचा बंद ठेवल्या तरी आत बुरशी येतेच, आधी स्टिअरिंगवर, मग सीटच्या पट्ट्यांवर. सीटखाली दोन पसरट डब्यांत लोणारी कोळसा ठेवा, पायपुसणी काढून घरात द्या, आणि शेड पक्की असेल तर काचा बोटभर खाली ठेवा. बोटभरच, नाहीतर उंदरासाठी दरवाजा केल्यासारखं होईल.

मेमध्ये येता तेव्हा चौथ्या दिवशी जागा शोधत फिरू नका. आधी दोन फोन करा, पहिल्याच दिवशी जाऊन बघा आणि शक्यतो रात्री आठ वाजता बघा. दिवा आहे का, माणसं आहेत का, कुत्रा भुंकतो का ते तेव्हाच कळतं.

परत याल तेव्हा गाडीत बसण्याआधी बोनेटवर दोन-चार थापा मारा, मग उघडा. शेडमध्ये उंदीर आला की त्याच्यामागे सापही येतो आणि आमच्या जांभ्याच्या भागात फुरसं असतं. हात घालण्याआधी टॉर्च मारून बघा, वायरी कुरतडल्यात का, पाल्याचं घरटं आहे का. चाकांच्या मागचे चिरे काढायलाही काठी वापरा. निगेटिव्ह जोडा, चालू करा, दोन मिनिटं थांबा. पहिले चार-पाच ब्रेक खर्र खर्र वाजतील. डिस्कवरचा तो वरवरचा गंज आहे, घाबरू नका, मोकळ्या रस्त्यावर हळूहळू दाबत गेलात की निघून जातो. कुडाळ सोडून कणकवली येईपर्यंत आवाज गेला नाही तर कणकवलीतच कुणाला तरी चाक उघडून दाखवा. तसाच आवाज घेऊन घाट चढू नका.